साईझला वेगळा टाईप कशाला म्हणे!

मोजपट्टी

परवा इथेच 'सायकलवाला' यांनी एका धाग्यावर शेरा मारला: "रुंदी-उंची म्हणजे दोन इंट. त्यासाठी क्लास बनवणं ही रिकामटेकड्यांची कामं." तिथेच उत्तर दिलं असतं तर मूळ धागा भरकटला असता, म्हणून वेगळा काढतोय.

दोन इंट (साधे पूर्णांक) ना? मग आधी कुठला ते सांगा. ओपनसीव्हीत (चित्रं हाताळायची लायब्ररी) मॅट, म्हणजे चित्राचा तक्ता, बनवताना आधी रो, मग कॉलम. म्हणजे उंची आधी. त्याच मॅटला साईझ देऊन बनवलंत तर रुंदी आधी. पायथनमध्ये शेप विचारला की उंची पहिली येते आणि रीसाईझला रुंदी पहिली द्यावी लागते. टेस्टसाठी चौरस चित्र घेतलंत की सगळं हिरवंगार. पहिला आडवा फोटो आला की बोंब. कोड तपासणारा कंपायलर बिचारा काय करणार, त्याला दोन्ही इंटच दिसतात.

बरं, 'माप नाही' हे दोन इंटांत कसं सांगणार? इथे तर प्रत्येकाचा वेगळा पंथ आहे. क्यूटीत (खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी) नुसतं क्यूसाईझ() लिहिलं की मिळतं -१ × -१. त्याला विचारा, इझएम्प्टी (रिकामा आहे का)? हो. इझव्हॅलिड (वैध आहे का)? नाही. इझनल? तेही नाही! कारण नल म्हणजे दोन्ही शून्य. मायक्रोसॉफ्टच्या विनफॉर्म्समध्ये दोन्ही शून्य असतील तरच एम्प्टी, म्हणजे ० × ५० रिकामा नाही. क्यूटीत तोच रिकामा. त्यांच्याच डब्ल्यूपीएफच्या साईझ.एम्प्टीत दोन्हीकडे उणे अनंत. हे सगळं इफ-एल्समध्ये घेऊन फिरणार आहात का?

माझं म्हणणं एवढंच: मापाला स्वतंत्र टाईप (डेटाचा प्रकार, इथे क्लास) हवा, एकदा बनला की बदलता येऊ नये, आणि 'माप नाही' ही गोष्ट आकड्यात लपवू नये.

सायकलवाला

माझ्या नावाने धागा काढलात, आभार. टीआरपी वाढला.

विन३२ मध्ये (विंडोजची मूळ प्रोग्रामिंग सोय) खिडकीचं माप बदलल्याचा संदेश, डब्ल्यूएम_साईझ, आला की त्यासोबतच्या एलपॅरॅम या आकड्याच्या खालच्या १६ बिटांत रुंदी आणि वरच्या १६ त उंची. लोवर्ड, हायवर्ड, विषय संपला. त्यावर जग चाललंय. तुमच्या लाडक्या अँड्रॉईडमध्ये घटकाला जागेची मर्यादा सांगणारा मेझरस्पेक काय आहे? एक इंट. वरच्या २ बिटांत मोड, उरलेल्या ३० त माप. गूगलवाले पण रिकामटेकडे नव्हते म्हणायचं.

आणि क्लास बनवून काय होतं ते जावाने दाखवलंय. तिथला मापाचा क्लास डायमेन्शन. त्याचं विड्थ फील्ड इंट, पण गेटविड्थ() देतो डबल (दशांश आकडा)! नवीन पोरगं पहिल्याच दिवशी कास्ट करायला, म्हणजे प्रकार बदलून घ्यायला, शिकतं. गेटसाईझ() दर वेळी नवीन डायमेन्शन बनवून देतो, का, तर मूळ कोणी बदलू नये. मग तो कचरा परवडेना म्हणून जेकॉम्पोनंटमध्ये दुसरा गेटसाईझ: आपला ऑब्जेक्ट आपणच द्यायचा, तो भरून परत देणार. तुमच्या सोवळ्याची ही किंमत.

अव्या_सांगली

काका, -१ चा प्रसाद मी खाल्लाय म्हणून लिहितो.

लग्नाच्या अल्बमचं सॉफ्टवेअर होतं, एका स्टुडिओसाठी. थंबनेलची चौकट ३०० × २००. कोड साधा: क्यूटीच्या क्यूइमेजरीडरला फोटोचा साईझ विचारायचा, तो स्केल्ड()ने कीपॅस्पेक्टरेशो लावून (गुणोत्तर राखून) चौकटीत बसवायचा, आलेलं माप सेटस्केल्डसाईझला द्यायचं. जेपेगवर मस्त चाललं. मग स्टुडिओवाल्याने कुठल्या तरी जुन्या फॉरमॅटमधल्या फायली टाकल्या. पूर्ण चित्र न वाचता माप सांगणं त्या फॉरमॅटला जमत नव्हतं, म्हणून रीडरने दिला अवैध साईझ, -१ × -१. आता गंमत बघा. स्केल्ड() फक्त शून्य तपासतो, उणे तपासत नाही. २०० गुणिले -१ भागिले -१, आलं २००. म्हणजे 'माहीत नाही' या मापाचं गुणोत्तर निघालं १:१, आणि उभे फोटो २०० × २०० मध्ये ताणून बसले. क्रॅश नाही, वॉर्निंग नाही. नवरीच्या आईचा फोन आला की मुलगी जाडी का दिसतेय. दोष फोटोग्राफरला, फोटोग्राफरकडून मला.

सायकलवाला

म्हणजे क्लास असूनच घोळ झाला. माझाच मुद्दा सिद्ध केलात, धन्यवाद.

मोजपट्टी

वा! कुलूप तकलादू निघालं म्हणून दारच काढून टाका. तिथे ऑप्शनल साईझ ('असेल किंवा नसेल' असं उघड सांगणारा) मिळाला असता तर आत बघितल्याशिवाय अव्याचा कोड पुढे सरकलाच नसता. आणि दोन सुट्या इंटांत -१ आला असता तर काय वेगळं झालं असतं ते जरा समजावता का?

जाता जाता: त्याच क्यूसाईझमध्ये गुणाकार केला तर जवळच्या पूर्णांकाला गोल होतं आणि स्केल्ड() मात्र पुढचं कापून टाकतो. १६०० × १२०० अव्याच्या त्या चौकटीत बसवा, २६६ × २०० येईल, २६७ नाही. एका घरात दोन रीती.

पोपटपंची

क्यूटीच्या क्यूरेक्टच्या (आयताचा क्लास) राईट()ला, म्हणजे उजव्या कडेला, सगळे विसरलात? लेफ्ट + विड्थ - १. डॉक्युमेंटेशनमध्येच कबुली आहे, 'ऐतिहासिक कारणांमुळे'. दशांशवाल्या क्यूरेक्टएफला मात्र -१ नाही. (पॉपकॉर्न घेऊन बसलोय, चालू द्या.)

फ्लटरताई

क्लास हवा की नको हा वाद मला जुनाट वाटतो. खरा प्रश्न इंट की डबल. १३६६ × ७६८ च्या लॅपटॉपवर १२५ टक्के स्केलिंग लावा, हातात येतं १०९२.८ × ६१४.४. सांगा इंटमध्ये कुठे ठेवता ते .८. क्यूटी ५ ने हेच केलं होतं: हायडीपीआय (दाट पिक्सेलच्या स्क्रीनसाठीचं स्केलिंग) चालू केलं तरी १.२५ चं गोल करून १, आणि १.५ चं थेट २. दीडशे टक्केवाल्यांना राक्षसी बटणं. क्यूटी ६ पासून आहे तो फॅक्टर तसाच जातो.

सायकलवाला

ताई, अर्धा पिक्सेल पेटतो का हो? काचेवर शेवटी पूर्णांकच आहे.

फ्लटरताई

पेटत नाही, पण गोल *केव्हा* करता याला महत्त्व आहे. ग्रीडमधला रो २१ पिक्सेल उंचीचा, १२५ टक्क्यांवर २६.२५. प्रत्येक रो सुटा गोल करून २६ केलात तर चाळीस रोंनंतर खाली १० पिक्सेलची फट. कडा डबलमध्ये मोजा, शेवटी कड गोल करा, साईझ नाही. आमच्याकडच्या ग्रीडमधली फट बंद करायला एकाने सरळ '+१०' लिहून ठेवलं होतं. ते प्रॉडक्शनला गेलं. नाव सांगत नाही, तोही इथे वाचतो.

टंकनिका

तुम्ही .८ वर भांडताय आणि इथे मराठीची आख्खी मात्रा कापली जातेय त्याचं कोणाला काही आहे का? (अवांतर वाटलं तर वाटो.)

सगळे लेबलला उंची ठरवून देतात. डिझायनर फिग्मा या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये 'सबमिट' इंग्रजीत टाकतो, २२ पिक्सेल लिहून देतो, आपण इमानदारीत सेटफिक्स्डहाईट करतो, म्हणजे उंची पक्की. मग भाषांतर येतं. खालून कापलं की 'पुणे'चं 'पणे' आणि 'सूचना'चं 'सचना'. वरून कापलं की 'बंद'चं 'बद'. एका सरकारी कामाच्या फॉर्मवर 'मृत' या रकान्याचा ऋकार गेला आणि राहिलं 'मत'. तो फॉर्म मी डोळ्यांनी बघितलाय.

सायकलवाला

मग उंची वाढवा की. २२ चं ३० करा. यालाही क्लास हवाय?

टंकनिका

हे बोलतात ते कधी लोकलायझेशन न केलेले. ३० का? कुणाला विचारून? फाँट लॅटिन असेल तर देवनागरी अक्षरं तुमच्या नकळत फॉलबॅक (बदली) फाँटमधून येतात, विंडोजवर पूर्वी मंगल, आता निर्मला. आणि फाँट मोजणाऱ्या क्यूफाँटमेट्रिक्सची हाईट() सांगते मूळ लॅटिन फाँटची उंची. म्हणजे मोजता एकाला, रंगवता दुसऱ्याला. अँड्रॉईडनेही मजकूर दाखवणाऱ्या टेक्स्टव्ह्यूसाठी फॉलबॅक फाँटची उंची धरण्याची सोय एपीआय २८ (अँड्रॉईड ९) मध्ये आणली, तोवर ओळी एकमेकींत घुसायच्या.

नाना_डीटीपी

आमच्या श्रीलिपीच्या काळात हे असलं काही नव्हतं. अक्षर कापलं जातंय म्हणजे काय?

टंकनिका

नाना, नव्हतं कारण तेव्हा मराठी अक्षरं इंग्रजीच्याच जागांवर बसवलेली असायची. फॉलबॅकची वेळच यायची नाही, मोजायचा फाँट आणि छापायचा फाँट एकच. आता ती फाईल दुसऱ्या मशीनवर उघडून त्यात 'पुणे' शोधून दाखवा.

नाना_डीटीपी

शोधायचं कशाला? आम्हाला पान पाठ असायचं. आणि युनिकोड आल्यापासून दुकानात जोडाक्षरं फुटतात त्याचं काय? मागच्या महिन्यात एका पत्रिकेत 'श्री'चे तुकडे आले, पाहुण्यांनी मला फोनवर झापलं.

सायकलवाला

झालं. साईझवरून धागा निघाला, पत्रिकेवर पोचला. मराठी माणूस एकत्र आला की लिपीचं रडगाणं ठरलेलं. जरा कोड लिहा.

टंकनिका

रडगाणं? तुमच्यासारख्यांनी लिहिलेले २२ पिक्सेल आम्ही रात्री बसून दुरुस्त करतो साहेब. लोवर्ड-हायवर्डच्या बाहेर जग बघितलं असतं तर कळलं असतं.

सायकलवाला

आमच्या बिलिंगच्या स्क्रीनवर दुकानदार आजही काम करतायत. तुमच्या फ्रेमवर्कचं दर दोन वर्षांनी बारसं.

संपादक

वैयक्तिक शेरे थांबवा. पुढचा प्रतिसाद उडवला जाईल. लिपीवर वेगळा धागा काढायला हरकत नाही.

मोजपट्टी

संपादक, नका हलवू, हे इथलंच आहे. टंकनिका म्हणतेय तो माझाच मुद्दा आहे, फक्त तिने तो जास्त चिडून मांडलाय. साईझ कोणीतरी आधी ठरवून ठेवतो, तिथे गडबड. मजकुराला विचारा किती जागा लागते, त्याने साईझ सांगावा, मग क्यूसाईझचा एक्स्पांडेडटू() लावून किमान मापाशी तुलना करा. तो रुंदी आणि उंची सुटी सुटी तपासतो, मोठं असेल ते घेतो. दोन इंटांवर हेच दोन मॅक्स (मोठा आकडा निवडणारी फंक्शन्स) लिहून करता येईल, आणि त्यातल्या एकात रुंदीच्या जागी उंची लिहिलेली सापडेल.

फ्लटरताई

आमच्याकडे फ्लटरमध्ये (अ‍ॅप बनवायचं फ्रेमवर्क) रीत हीच: मर्यादा वरून खाली, माप खालून वर. पोराने (आतल्या घटकाने) आपला साईझ सांगायचा, आईबापांनी (बाहेरच्या घटकाने) जागा ठरवायची. न बसलं तर पिवळे-काळे पट्टे. निदान डीबगमध्ये तरी लाज निघते.

सायकलवाला

ठीक आहे. एक्स्पांडेडटू बरा आहे, मी मॅक्स लिहिलेत आणि त्यात चुकलेली माणसंही बघितली आहेत (मी नव्हे). टाईप ठेवा बापडे. इम्युटेबल (बदलता न येणारा) मात्र मान्य नाही. विंडो ओढताना दर फ्रेमला नवीन ऑब्जेक्ट, कोणासाठी?

मोजपट्टी

सी शार्पमध्ये तो स्ट्रक्ट आहे, म्हणजे थेट किंमत; लोकल व्हेरिएबल असेल तर त्यासाठी हीपवर (ऑब्जेक्ट ठेवायची मेमरी) वेगळी जागा लागत नाही. उलट बटण.साईझ.विड्थ = १०० लिहून बघा, कंपायलर अडवतो, कारण तुम्ही कॉपीला १०० देताय. आणि अँड्रॉईडच्या कंपोझमध्ये साईझ म्हणजे दोन फ्लोट (दशांश आकडे) एका ६४ बिटी लाँगमध्ये (मोठ्या पूर्णांकात) भरलेले. तुमचा लोवर्ड-हायवर्डच की, फक्त वर नाव लावलंय.

सायकलवाला

म्हणजे फिरून माझ्याचकडे आलात. छान.

अव्या_सांगली

टंकनिकाताई, टेस्टला कुठला मजकूर वापरता? मी आपला 'अबक' टाकतो.

टंकनिका

'अबक'मध्ये वर-खाली काहीच नाही, ते २२ मध्येही बसेल. 'मूर्तींच्या' टाक. खाली ऊकार, वर रफार, वेलांटी, अनुस्वार, सगळे एकाच वेळी. आणि 'द्वंद्व', जोडाक्षर किती खोल जातं ते दिसेल. हे दोन बसले की बाकी बहुतेक बसतात. बोल्ड करूनही बघ.

पोपटपंची

आमचा डिझायनर विचारतोय 'मूर्तींच्या'ऐवजी 'पुतळे' चालेल का, त्याच्या २२ मध्ये.