लहानपणीच्या माराला एडीएचडी म्हणायचं का?

वास्कोकार
धाकट्या बहिणीला चार वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर सांगितला, म्हणजे भावना आणि नाती सारखी टोकाला जाण्याचा आजार. आता दुसरे म्हणतात एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं, चुळबुळ, उतावीळपणा. लहानपण कसं गेलं, हे दोघांनीही धड विचारलं नाही. बाबा खनिजाच्या बार्जवर होते. घरी आले की दारू आणि पट्टा. चतुर्थीला घर पाहुण्यांनी भरलं की तेवढे दिवस आम्ही निर्धास्त झोपायचो. रात्रभर कडीच्या आवाजाकडे कान असलेल्या पोरीचं वर्गात लक्ष कसं लागणार? माझ्या मते दोन्ही आजारांच्या मुळाशी ती भीतीच आहे.

फोंड्याची बाई
नाही पटत. आजीच्या मांडीवर लाडात वाढलेली, तरी रोज डबा बसमध्ये विसरणारी मुलं मी वर्गात पाहिली आहेत. जुळ्यांच्या अभ्यासांत एडीएचडीचा आनुवंशिक वाटा ७० ते ८० टक्के निघतो. सगळं भीतीवर ढकललंत तर लोक पुन्हा आईलाच विचारणार, तू काय केलंस म्हणून.

वास्कोकार
आनुवंशिक म्हणजे आलं कुठून? बाबाही एका जागी दहा मिनिटं बसत नसत. जीन त्यांचे, पट्टाही त्यांचाच. वेगळं काढून दाखवा.

बोरी पुलापलीकडचा
थोडं वेगळं काढता येतं. हुकूमशहा चाउशेस्कूच्या काळातल्या रुमानियातल्या अनाथालयांतून ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या मुलांचा अभ्यास झाला. तिथं सहा महिन्यांहून जास्त काढलेल्या बऱ्याच जणांचं लक्ष न लागणं मोठेपणीही टिकलं, घर चांगलं मिळूनसुद्धा. म्हणजे नुसते जीन नव्हेत. पण ती उपासमार आणि टोकाची हेळसांड होती, पट्ट्याचा हिशेब त्यात बसवू नका.
आणि नाव बदललं की उपचार बदलतात, हे विसरू नका. एडीएचडीला मिथाइलफेनिडेटसारखी गोळी असते. बॉर्डरलाइनला मुख्य आधार थेरपीचा. त्यातली डीबीटी, म्हणजे भावना सावरायला शिकवणारी थेरपी, उभी करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी तरुणपणी आपणही मनोरुग्णालयात होतो, हे २०११ साली जाहीर सांगितलं. उतावीळपणा दोन्हीकडे असतो, आणि एकाच माणसाला दोन्ही असू शकतात.

फोंड्याची बाई
एडीएचडी असेल तर खुणा बाराव्या वर्षाआधीच्या हव्यात. प्राथमिकची प्रगतिपुस्तकं शोधा आणि डॉक्टरांना दाखवा. भांडण मग करू.

वास्कोकार
सापडलं, चौथीचं. शेरा: ‘हुशार आहे, पण सारखी खिडकीबाहेर बघते.’
बाई, त्या खिडकीतून बंदर दिसायचं. बार्ज लागली की नाही, तेही.