पेकरी आणि आपलं रानडुक्कर: फरक कुठे बघायचा?

अंबाझरीकर: उमरेड-कऱ्हांडल्यात रानडुकरं नेहमीच दिसतात. अमेरिकेतल्या पेकरी या डुकरासारख्या प्राण्याचे फोटो बघितले तर तीच वाटतात. नेमकं काय बघायचं?

कवटीदात: आधी तोंड बघा. रानडुकराचे वरचे सुळे बाहेर वळून वर जातात. पेकरीचे सरळ खाली उतरतात आणि खालच्या सुळ्यांवर घासून धारदार राहतात. दात ३८, रानडुकराला ४४. शेपूट नावालाच. मागच्या पायाला बोटं तीन, डुकराला चार. पण ठशांच्या भरवशावर राहू नका, कडक जमिनीत दोघांचेही मधले दोन खूरच उमटतात.

गोरेवाडावाला: फोटोत खांद्यावरून फिकट पट्टा गेला असेल तर ती गळपट्टा पेकरी. शेपटाच्या जरा वर, पाठीवर गंधग्रंथी असते. दोघी उलटसुलट उभ्या राहून एकमेकींच्या ग्रंथीवर गाल घासतात. हे दिसलं की शंकाच नको.

कवटीदात: पेकरीची दुसरी एक जात, चाको पेकरी, तर भारीच! १९३० मध्ये जीवाश्मांवरून नोंद झाली, नामशेषच समजत होते. १९७० च्या दशकात पॅराग्वेच्या काटेरी रानात जिवंत सापडली. निवडुंग नाकाने जमिनीवर लोळवते, काटे झडले की खाते.