प्रतिसाद: स्ट्राइप्ड बास आणि जिवंत बंकर

आमिष ओढलं गेलं की लगेच जोरात हिसका द्यायचा, असा सल्ला वरच्या लेखात दिलाय, तो जुन्या जे-हुकसाठी (इंग्रजी J च्या आकाराचा साधा गळ) ठीक. आमिष लावून स्ट्राइप्ड बास (अंगावर पट्टे असलेला मोठा समुद्री मासा) धरायचा तर अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर 2021 पासून सर्कल हुक (गोलाकार गळ) सक्तीचा आहे, आणि त्यावर हिसका म्हणजे हातचा मासा घालवणं. या गळाचं टोक आत, दांड्याकडे वळलेलं असतं. माशाने गिळला तरी तो घशात न रुतता सरकत बाहेर येतो आणि तोंडाच्या कोपऱ्यात अडकतो. हिसका दिला की अडकण्याआधीच निसटतो. रॅरिटन बेमध्ये (न्यूयॉर्क-न्यू जर्सीजवळची खाडी) माझे पहिले दोन चांगले मासे असेच गेले. आता रीळ मोकळं ठेवतो, मासा आमिष घेऊन निघाला की चार-पाच सेकंद जाऊ देतो, मग रीळ लावून दोर ताणेपर्यंत नुसता गुंडाळतो. रॉड झटकायचा नाहीच.

दुसरं, बंकर (आमिष म्हणून वापरतात तो लहान मासा) ओवताना गळ नाकपुड्यांतून आरपार न्या, पण टोक उघडं आणि गळाची पोकळी (टोक आणि दांड्यामधली जागा) रिकामी राहू द्या. मांसात खोल खुपसलात तर टोकाला बासचा जबडा सापडतच नाही. आमिष म्हणून जिवंत ईल (सापासारखे लांब मासे) वापरणाऱ्यांनी ते बर्फावर ठेवावेत. गारठलेला ईल शांत राहतो आणि लीडरचा (गळाजवळच्या दोराच्या तुकड्याचा) गुंता करत नाही. पाण्यात गेला की पुन्हा वळवळू लागतो. बहुतेक बास कायद्याने ठरवलेल्या मापात न बसल्याने सोडावेच लागतात, म्हणून घशात गळ न जाणं मला फार महत्त्वाचं वाटतं.