कौलारू छप्पर: नुसती डागडुजी की सगळंच उतरवायचं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यातलं आमचं जुनं घर, जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. दर मे महिन्यात कौलं परतून घेतो, फुटकी बदलतो. आजवर तेवढ्यावर भागायचं.

यंदा मात्र गळती जागा बदलतेय. एक कौल बदललं की हातभर अंतरावर दुसरीकडे टपटप. मागच्या पाख्याला (छपराच्या उतरत्या बाजूला) मधोमध झोळ आलाय, अंगणातून बघितलं तरी कळतो. माळ्यावर चढून पाहिलं तर रिपांवर (कौलं ज्यांवर बसतात त्या आडव्या पट्ट्यांवर) वाळवीची माती, आणि वासे (रिपांखालची उतरती लाकडं) भिंतीवर टेकतात तिथे लाकूड काळं पडलंय. एका वाशात स्क्रू ड्रायव्हर बोटभर आत गेला. आढं (छपराच्या माथ्यावरचं आडवं लाकूड) ठोकल्यावर खणखणीत वाजतं. कौलंही बरीचशी धडधाकट आहेत. (काहींवर १८६५ चा शिक्का आहे; ते कारखाना सुरू झाल्याचं साल, कौलाचं वय नव्हे.)

एक मिस्त्री म्हणतो, रिपा आणि कुजलेले वासे बदला, कौलं तीच चढवा. दुसरा म्हणतो, सगळं काढून लोखंडी सांगाडा आणि पत्रे. पत्र्याखाली उन्हाळ्यात भाजून निघणार, शिवाय पावसाचा आवाज, त्यामुळे माझं मन घेत नाही.

वाशाचं फक्त टोक कुजलं असेल तर जोड देऊन टिकतो का? झोळ रिपांमुळे की वाशांमुळे, हे कौलं न उतरवता कसं ओळखायचं? लोखंडी सांगाड्यावर जुनी कौलं कुणी बसवलीत का? कोकणातल्या पावसाचा अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.