आधी भरलेला फॉर्म दुरुस्तीसाठी परत द्यायचा आहे, जुनी माहिती भरलेली दिसली पाहिजे

जांबोटी रोड:
शाळांच्या वक्तृत्व स्पर्धेची नोंदणी ऑनलाइन घेतोय. खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी इथल्या शाळा आहेत. एका शाळेची एक नोंद, त्यात गाव, पिन, जास्तीत जास्त ८ विद्यार्थी (नाव, जन्मतारीख, गट), जेवण हवं का याची टिक आणि मुख्याध्यापकांच्या पत्राचा फोटो. फॉर्म मराठी आणि कन्नड दोन्हीत.

सध्या गूगल फॉर्म आहे. विद्यार्थी बदलला की शाळा पुन्हा नवा फॉर्म भरतात आणि एकेका शाळेच्या तीन-तीन ओळी होतात. प्री-फिल लिंक (उत्तरं आधीच भरलेला फॉर्म उघडणारी) पाठवून बघितली, तरी शीटमध्ये नवीच ओळ पडते. पासवर्ड-लॉगिन नको. पीएचपी-मायएसक्यूएलवर (स्वतःचा कोड आणि डेटाबेस) करायची तयारी आहे.

टिळकवाडी १७:
प्री-फिल आणि एडिट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत सर. प्री-फिल लिंक कोरा फॉर्म उघडून त्यात मजकूर घालते, कुठली जुनी नोंद बदलायची हे तिला माहीतच नसतं. वर मराठी मजकूर लिंकमध्ये फुगतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट, म्हणजे लिंकमध्ये ९ अक्षरं. नुसता ‘विद्यार्थी’ हा १० चिन्हांचा शब्द ९० अक्षरं खातो.

गूगलवरच राहायचं तर सेटिंग्जमध्ये ‘अलाऊ रिस्पॉन्स एडिटिंग’ चालू करा. आधी आलेल्या नोंदींच्या एडिट लिंक अ‍ॅप्स स्क्रिप्टमधल्या (गूगलची कोड लिहायची सोय) ‘गेट एडिट रिस्पॉन्स यूआरएल’ने काढता येतात. त्या शीटच्या शेवटच्या रकान्यात टाकायच्या आणि ज्या त्या शाळेला पाठवायच्या. दुरुस्ती झाली की तीच ओळ बदलते. तीन गोष्टी ध्यानात ठेवा:

- शीटमध्ये हाताने केलेली दुरुस्ती फॉर्मला कळत नाही. शाळेने लिंक उघडली की जुनंच दिसतं.
- सबमिटवर शीटची स्क्रिप्ट चालत असेल, तर दुरुस्तीच्या वेळी न बदललेली उत्तरं तिच्याकडे रिकामी येतात. त्यावरून मेल बनवलासा तर अर्धा कोरा जाईल. पूर्ण ओळ शीटमधूनच वाचा.
- फाइल अपलोडचा प्रश्न ठेवला की गूगलचं लॉगिन लागतंच. म्हणजे तुमचं ‘लॉगिन नको’ तिथंच संपलं. पत्राचा फोटो वेगळा मागवा.

निपाणी वेब:
८ विद्यार्थी आणि फोटो आहे म्हटल्यावर स्वतःचाच फॉर्म बरा. नोंद होताना ३२ बाइटचं रँडम टोकन, म्हणजे अंदाज बांधता येणार नाही अशी खूण, बनवा (हेक्समध्ये ६४ अक्षरं). ते लिंकमध्ये शाळेला द्या, डेटाबेसमध्ये फक्त त्याचा एसएचए-२५६ हॅश (ज्यावरून मूळ टोकन परत काढता येत नाही असा ठसा) ठेवा. नोंदीचा आयडी लिंकमध्येही नको आणि हिडन (न दिसणाऱ्या) फील्डमध्येही नको. १२५ चं १२६ करून शेजारच्या शाळेची नोंद उघडणं हा दोन सेकंदांचा खेळ आहे. सेव्ह करतानाही नोंद टोकनवरूनच शोधा. मुदत संपली का, हेही फॉर्म उघडताना आणि सेव्ह करताना, दोन्हीकडे तपासा.

फील्ड भरताना जिथं घोटाळा होतो ती ठिकाणं:

जन्मतारीख. डेट फील्डला वर्ष-महिना-दिवस असंच लागतं, २०१२-०६-०९. ०९-०६-२०१२ दिलं की फील्ड कोरं दिसतं. फील्ड सक्तीचं नसेल तर शिक्षक नुसतं सेव्ह दाबतात आणि तारीख पुसली जाते.

टिक काढलेली असेल तर ब्राउझर त्या फील्डचं काहीच पाठवत नाही. ‘काही आलं नाही तर जुनं राहू दे’ असा कोड लिहिला की टिक कधीच निघत नाही. फोटोचं नेमकं उलटं. फाइल फील्ड आधीच भरून ठेवायला ब्राउझर परवानगीच देत नाही, त्यामुळे शेजारी जुन्या फोटोची लिंक दाखवा आणि नवी फाइल आली नाही तर जुनीच ठेवा.

एचटीएमएल एस्केप (खास चिन्हांच्या जागी त्यांचे कोड घालणं) फक्त दाखवताना. साठवतानाही केलं तर नावातल्या अवतरणचिन्हाला दर दुरुस्तीला शेपूट वाढत जाते.

चूक सापडून फॉर्म परत दाखवाल तेव्हा शिक्षकांनी आत्ता टाइप केलेलं दाखवा, डेटाबेसमधलं जुनं नको. नाहीतर आठही नावं पुन्हा लिहावी लागतील आणि शिव्या तुम्हाला.

एकाच शाळेतले दोघे एकदम लिंक उघडतात, हे गृहीतच धरा. नोंदीला आवृत्ती क्रमांकाचा कॉलम द्या. ‘मी उघडली तेव्हा आवृत्ती ३ होती’ हे फॉर्मसोबत येऊ दे आणि अपडेटच्या अटीत ती ३ घाला, सोबत एक वाढवा. शून्य ओळी बदलल्या तर मधे कुणीतरी बदल केलाय, तसं सांगा. विद्यार्थ्यांच्या ओळी पुसून नव्याने घालणार असाल तर सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे झालं तर सगळं, नाहीतर काहीच नाही. आणि जुनी प्रत वेगळ्या टेबलात, वेळेसकट. पुढे ‘आमचा विद्यार्थी कुणी काढला’ हा फोन येतोच.

शहापूर:
दोन भाषांचं कुणी बोललं नाही. गावाच्या यादीत मराठी नाव साठवलंत आणि दुरुस्ती कन्नड फॉर्मवर झाली, तर जुळणारा पर्याय मिळत नाही आणि ब्राउझर गुपचूप यादीतलं पहिलं गाव दाखवतो. सेव्ह केलं की खानापूरची शाळा अथणीत! गावाला कोड द्या, नाव फक्त दाखवायला. आणि यादीत पहिला पर्याय रिकामा ठेवा, तो तसाच आला तर सेव्ह होऊ देऊ नका.

शाळेच्या नावावरून जुनी नोंद शोधायच्या भानगडीत पडू नका. ‘ऱ्या’ दोन तऱ्हेने टाइप होतो, दिसायला सारखाच, आतून वेगळा. पिनमध्ये ५९०००१ देवनागरीत येईल, इंग्रजी अंकांत येईल, कन्नड अंकांतही येईल. साठवण्याआधी एकाच अंकलिपीत आणा.

जांबोटी रोड:
टोकनचंच करतो. लिंक एकदा वापरली की बंद करावी का? लिंक व्हॉट्सअ‍ॅपवरून जाणार आहेत.

निपाणी वेब:
नको. प्रीव्ह्यू दाखवायला लिंक आधीच उघडली जाते, काही मेल सर्व्हरही तपासणीला उघडतात. शाळेच्या हाती येईपर्यंत ती मेलेली असेल. मुदतीपर्यंत चालू ठेवा आणि नुसती उघडल्याने काहीही बदलू देऊ नका, बदल फक्त सेव्ह दाबल्यावर. लिंक ग्रुपवर टाकू नका, ज्याच्या हाती लिंक त्याच्या हाती नोंद. हरवली तर नोंदीतल्याच नंबरवर नवं टोकन पाठवा आणि जुनं रद्द करा.