हिरडीखालचं हाड नक्की कोण खातं?

प्रश्न: पायोरियात हाड जंतू झिजवतात की आपलीच सूज? सूजच असेल तर नुसत्या स्केलिंगने (दातांवरचा थर खरवडून काढण्याने) फरक कसा पडतो?

उत्तर १: काडी जंतू लावतात, पण हाड पोखरतात आपल्याच पेशी. प्लाकमुळे (दातांवरच्या जंतूंच्या चिकट थरामुळे) हिरडीत इंटरल्यूकिन-१ बीटा आणि टीएनएफ-अल्फा हे सूज वाढवणारे रेणू वाढतात, त्यातून रँकल हे प्रथिन वाढतं आणि हाड विरघळवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी तयार होतात. रँकलला अडवणारं ऑस्टिओप्रोटेजेरिन हे प्रथिन कमी पडलं की हाड उतरत जातं. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींमधलं एमएमपी-८ हे विकर (एन्झाइम) तोवर हिरडीतल्या कोलॅजनचे धागे तोडत असतं.

उत्तर २: म्हणूनच आधी स्केलिंग. चिथावणी गेली की सूज ओसरते. मग हिरडी आणि दातामधल्या फटीची खोली मोजायची: प्रोब (खुणा असलेली बारीक सळी) हलक्या हाताने, साधारण २५ ग्रॅम दाबाने, प्रत्येक दाताला ६ जागी. खोली १ ते ३ मिमी ठीक. ४ मिमीच्या पुढे आणि रक्तही येत असेल तर मुळावर दगड (कडक झालेला प्लाक) राहिलाय का पाहा. पुन्हा मोजणी ६-८ आठवड्यांनी. घाईने टोचलंत तर भरत आलेली ऊती फाटते.

उत्तर ३: विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत रक्त कमी येतं, त्यावर विसंबू नका. मधुमेहात एचबीए१सी (गेल्या २-३ महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) बघाच, साखर चढी असली की सूज हटत नाही. २० मिग्रॅ डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक दिवसातून २ वेळा घेतलं तर एवढ्या मात्रेत ते एमएमपी रोखतं, जंतू मारत नाही. तेही स्केलिंगनंतर, डॉक्टरांनी दिलं तरच.