युनायटेडची जी वाट लागली त्यात फर्गीचा वाटा किती?

जुना_लाल
बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज लिहूनच टाकतो. मी कट्टर मँचेस्टर युनायटेडवाला आणि 2013 पर्यंतचे आपले मॅनेजर सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन, म्हणजे फर्गी, माझ्यासाठी देव आहेत, 13 लीग, 38 ट्रॉफ्या, 1986 मध्ये तळाशी रखडलेली टीम हातात घेऊन त्यांनी जे उभं केलं ते परत कुणाला जमेल असं वाटत नाही. पण 2013 नंतर एकही लीग नाही, 2024-25 ला तर 42 पॉइंट आणि 15वा नंबर, आणि दरवेळी आपण मालक ग्लेझर, त्यांचा कारभारी वुडवर्ड, फर्गीनंतरचा मॅनेजर मोयेस अशी तीन नावं घेतो आणि मोकळे होतो. फर्गीचं नाव काढलं की लोक अंगावर येतात. या चुरगळलेल्या क्लबची थोडी जबाबदारी त्यांच्याकडेही जाते असं मला मनापासून वाटतं. अख्खा क्लब त्यांच्या एकट्याच्या डोक्यात चालायचा. कोणता पोरगा घ्यायचा, कोणाला विकायचं, कोणत्या एजंटला दारात उभं करायचं नाही, सगळं त्यांनाच माहीत. ते गेले त्याच उन्हाळ्यात क्लबचा सीईओ डेव्हिड गिलही गेला आणि मागे उरलं काय, तर रिकामं ऑफिस आणि ट्रान्सफरचं काम पहिल्यांदाच करणारा वुडवर्ड. युनायटेडला फुटबॉल डायरेक्टर, म्हणजे प्लेअर घेण्या-विकण्याचं बघणारा माणूस, मिळाला मार्च 2021 मध्ये. म्हणजे जवळजवळ आठ वर्षं त्या खुर्चीचं काम कुणाचं तेच ठरलं नव्हतं.

स्ट्रेटफर्ड_एंड
भावा, आठ वर्षं डायरेक्टर नेमला नाही ही चूक फर्गीची कशी काय? तो रिटायर झाला होता. खुर्ची भरायचं काम मालकांचं, आणि मालकांना ती भरायची गरजच वाटली नाही कारण शर्ट विकले जात होते, स्पॉन्सर येत होते. 2005 मध्ये 790 मिलियन पाऊंडांना क्लब घेतला आणि त्यातलं मोठं कर्ज क्लबच्याच डोक्यावर टाकलं. आपल्याच क्लबच्या कमाईतून आपल्याच क्लबच्या खरेदीचं व्याज! आधी हे बोला, मग त्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवा.

मिडफिल्ड_कुठाय
ग्लेझर मान्य. पण मग त्या ग्लेझरांची बाजू कोणी घेतली? 2005 ला लोक रस्त्यावर होते, काहींनी तर क्लब सोडून एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर नावाचा नवा क्लब काढला, 2010 ला अख्खं स्टेडियम मालकांच्या निषेधाच्या हिरव्या-सोनेरी मफलरनी भरलं होतं, आणि एवढं सगळं होत असताना ज्या एका माणसाच्या शब्दाला वजन होतं तो फर्गी मालकांच्या बाजूने उभा राहिला. मला हे आजपण खुपतं. तो एकदा जरी जाहीर बोलला असता तरी चित्र वेगळं असतं.

स्ट्रेटफर्ड_एंड
काय वेगळं असतं? त्याला काढला असता आणि 2008 ची मॉस्कोची चॅम्पियन्स लीग जिंकल्याची रात्रपण आपल्याला मिळाली नसती, बस. तो नोकर होता रे, मालक नव्हता.

मिडफिल्ड_कुठाय
आणि तो घोडा? रॉक ऑफ जिब्राल्टरच्या मालकीवरून मॅग्नियर आणि मॅकमॅनसशी त्याचं भांडण झालं, त्यांच्याकडे क्लबचे 28 टक्क्यांच्या वर शेअर होते, 2005 मध्ये तेच ग्लेझरकडे गेले. भांडण 2004 लाच मिटलं होतं आणि ते तसेही विकणारच असतील, हे मी समजू शकतो. पण क्लबच्या एवढ्या मोठ्या भागधारकाशी मॅनेजरने खाजगी कारणावरून पंगा घ्यावा हे बरोबर नव्हतं.

पॉगबा_परत_या
मला मालक-बिलकाचं फार कळत नाही, मी टीमवर बोलतो. 31 डिसेंबर 2011, फर्गीचा सत्तरावा वाढदिवस, घरच्या मैदानात तळाच्या ब्लॅकबर्नकडून 2-3 हरलो. त्या दिवशी मिडफिल्डमध्ये कोण होतं आठवतंय का? रफाएल! राइट बॅक! आणि पुढच्या महिन्यात रिटायर झालेल्या स्कोल्सला परत बोलावलं. स्कोल्स माझा सगळ्यात लाडका प्लेअर आहे पण तो 37 वर्षांचा होता, आणि त्याच उन्हाळ्यात पॉगबा फुकटात म्हणावं अशा रकमेवर युव्हेंटसला गेला. तोच पोरगा चार वर्षांनी 89 मिलियन देऊन परत आणला. 2009 मध्ये रोनाल्डोचे 80 मिलियन आले तेव्हा काय घेतलं, वॅलेन्सिया, ओबर्टान आणि फ्री मधला ओवेन. मिडफिल्ड तेव्हापासूनच सडत होतं, फर्गी होता म्हणून दिसलं नाही एवढंच.

कीनचा_चेला
वा, म्हणजे त्या सडलेल्या टीमने 11 पॉइंटने लीग जिंकली? 2012-13 आठवा जरा. व्हॅन पर्सीला 24 मिलियनला आणला, 26 गोल, एप्रिलमध्येच विषय संपला. हरणारी टीम कोणी सोडून गेलं नाही, चॅम्पियन टीम देऊन गेला. डे हेआ 22, जोन्स 21, रफाएल 22, वेलबेक 22, स्मॉलिंग 23. याला म्हातारी टीम म्हणतात का?

पॉगबा_परत_या
आणि उरलेले? फर्डिनंड 34, एव्हरा 32, विडिच 31, कॅरिक 31, गिग्ज 39. त्यातले फर्डिनंड, विडिच, एव्हरा तिघेही 2014 च्या एकाच उन्हाळ्यात गेले. बॅकलाइनचा कणाच एका झटक्यात गेला. आणि तू ज्या पोरांची नावं घेतोस त्यातला डे हेआ सोडून एक तरी त्या उंचीला पोचला का? फर्गीचा शेवटचा सामना बघ परत, वेस्ट ब्रॉम, 5-2 ने पुढे होतो, शेवटच्या दहा मिनिटांत 5-5. त्यांचा लुकाकू नुसता पळतोय आणि आपले सेंटर बॅक मागे वळून बघतायत. सगळे फर्गीसाठी भावुक झाले होते, मी पण झालो होतो, पण त्या दहा मिनिटांत पुढचं सगळं दिसत होतं.

कीनचा_चेला
तो लीग संपल्यानंतरचा निरोपाचा सामना होता, त्यावरून निष्कर्ष काढू नको. मोयेसने आल्या आल्या फेलन, मेउलनस्टीन, स्टील सगळा स्टाफ बदलला, त्याच्या जुन्या क्लबची, एव्हर्टनची माणसं आणली. अख्ख्या उन्हाळ्यात फाब्रेगास, थियागो, बेन्स यांच्या मागे फिरून डेडलाइनच्या दिवशी फेलायनी घेतला, तोही त्याच्या करारातली स्वस्तात घ्यायची मुदत संपल्यावर 27.5 मिलियनला. फुलहॅमविरुद्धचा 2-2 मी पूर्ण बघितलाय, 80 च्या वर क्रॉस मारले आपण त्या दिवशी, बॉल विंगवर, क्रॉस, हेडर, परत विंगवर, परत क्रॉस, बघून बघून डोळ्यात पाणी आलं. दहा महिन्यांपूर्वीच्या चॅम्पियन पोरांना हे खेळायला कोणी लावलं? न्यूकॅसल 1972 नंतर पहिल्यांदा आपल्या घरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर जिंकून गेलं. यात फर्गी कुठे आला?

जुना_लाल
यात असा आला की मोयेसला त्यांनीच निवडलं. सहा वर्षांचा करार, एकही मोठी ट्रॉफी न जिंकलेल्या माणसाला. बोर्डाने शोध घेतला नाही, फर्गी म्हणाले आणि झालं. मी तेव्हा खूप खूश होतो, शेवटच्या घरच्या सामन्यानंतर माइक हातात घेऊन त्यांनी नव्या मॅनेजरच्या मागे उभं राहा म्हणून सांगितलं तेव्हा मी रडलो होतो. म्हणून तर जास्त लागतं.

ऑफसाइड_काकू
एक गोष्ट कुणी बोलत नाहीये म्हणून मी लिहिते. त्यांनी निवृत्ती गुपित का ठेवली? 2001-02 ला आधी जाहीर केली होती, टीम सैल पडली, तिसरे आलो, हाती एकही ट्रॉफी नाही, आणि मध्येच त्यांनी निर्णय बदलला. त्यातून ते शिकले की सांगायचं नाही. 2013 ला टीमसाठी ते बरोबर ठरलं, लीग मिळाली. पण क्लबसाठी? मे महिन्यात जाहीर केलं आणि जुलैत नवा माणूस कामावर. 26 वर्षांची घडी आठ आठवड्यांत कोणी समजून घ्यायची? त्यांच्या जाण्याचं कारण घरचं होतं, पत्नीची बहीण वारली होती, त्याबद्दल त्यांना एका शब्दानेही बोल लावणार नाही. पण नाताळात ठरलं होतं असं त्यांनीच सांगितलंय, तर मग गुपचूप का होईना एखाद्याला सहा महिने तयार करता आलं असतं.

स्ट्रेटफर्ड_एंड
काकू हा मुद्दा पटला. गुपित ठेवून तयारी करणं मालकांचं पण काम होतं, पण पटला.

मिडफिल्ड_कुठाय
आणि हे पहिल्यांदा झालं नाही. आपले जुने मॅनेजर मॅट बस्बींनी 1968 ला युरोपियन कप जिंकला, 1969 ला मॅनेजरपद सोडलं पण जनरल मॅनेजर म्हणून क्लबातच राहिले, टीम वयस्कर, नवा मॅनेजर विल्फ मॅकगिनेस डिसेंबर 1970 ला गेला, आणि 1974 मध्ये युनायटेड सेकंड डिव्हिजनला. हा इतिहास फर्गीपेक्षा जास्त कोणाला माहीत असणार? तरी तेच, डायरेक्टर्स बॉक्समधली फर्गीची सीट, आणि मोयेस हरला की कॅमेरा आधी त्या सीटवर. मार्च 2014 ला व्हिलाच्या सामन्यात वरून मोयेस आउटचं विमान फिरवलं होतं, तेव्हा मला मोयेसची खरंच कणव आली.

कीनचा_चेला
कॅमेरा फर्गी फिरवत नव्हता. स्वतः बांधलेल्या क्लबचा सामना बघायचा नाही का त्याने? आणि मोयेसनंतर व्हॅन गाल, मोरिन्यो, सोल्शायर, रांगनिक, टेन हाग, अमोरिम, एक अब्जाच्या वर पाऊंड खर्च. दहा वर्षं झाल्यावर माझ्या मते जुन्या मॅनेजरचा हिशेब संपतो. मे 2024 ला आर्सेनलच्या सामन्यानंतर ओल्ड ट्रॅफर्डच्या छतातून धबधबा पडत होता, पावसाचं पाणी थेट खुर्च्यांवर. छपरासाठीही फर्गीच जबाबदार का?

जुना_लाल
छपरासाठी ग्लेझर, शंभर टक्के. मी कधीच नाही म्हटलं नाही. पण दहा वर्षांचा हिशेब संपतो हे मान्य नाही, कारण पहिल्या दोन वर्षांत जे चुकलं ते निस्तरायलाच पुढचे सगळे पैसे गेले. डी मारिया, पॉगबा, सगळे मोठे सौदे घाबरून केलेले आहेत. तयार माणूस आणि तयार ऑफिस मागे असतं तर ग्लेझर असूनही आपण टॉप फोरमध्ये टिकलो असतो असं मला वाटतं.

पॉगबा_परत_या
+1. आणि 2009 ते 2012 मध्ये एक धड मिडफिल्डर घ्या म्हणून ओरडणारे आपणच होतो, तेव्हाही लोक म्हणायचे की फर्गीला कळतं.

कीनचा_चेला
कळतच होतं. त्याच मिडफिल्डने 2011 ची चॅम्पियन्स लीग फायनल गाठली आणि दोन लीग जिंकल्या. काकू, तुमच्या सहा महिन्यांच्या मुद्द्यावर मात्र माझ्याकडे उत्तर नाही.